काळूराम सोनावळ्यांच्या गाडीचा मेंदू

मोटारीला मेंदू असतो हे दहिवलीला पहिल्यांदा कळलं ते काळूराम सोनावळ्यांमुळे. आणि तो बिघडतो हेही, लगेच दुसऱ्या दिवशी.

सोनावळे खोपोलीच्या एका कागद कारखान्यात स्टोअरकीपर होते. बावीस वर्षं. तिथे यंत्रं बसवायला आलेला एक जर्मन साहेब मायदेशी जाताना आपली गाडी कारखान्याला देऊन गेला. ती शेडमध्ये दोन पावसाळे उभी राहिली, उंदरांनी आत संसार थाटले, आणि मग त्र्याऐंशीच्या दिवाळीत कारखान्याने ती इच्छुक नोकरदाराला द्यायचं ठरवलं. इच्छुक एकच निघाला. बाकीच्यांना अक्कल होती असं नाही, त्यांना गाडी चालवता येत नव्हती.

आता आपल्याकडच्या गाड्यांत कार्बुरेटर असतो. हवा आणि पेट्रोल त्यात आपापल्या मर्जीने मिसळतात आणि इंजिन चालतं. या गाडीत कार्बुरेटरच नव्हता. पेट्रोलच्या चार बारीक पिचकाऱ्या होत्या, आणि त्या किती वेळ उडवायच्या हे मागच्या सीटशेजारची एक पत्र्याची पेटी ठरवायची. पेटीत तारा, ट्रान्झिस्टर आणि जर्मन अक्षरं. साहेब तिला गाडीचा मेंदू म्हणायचा. सोनावळे हे भेटेल त्याला सांगत, आणि रायगड जिल्ह्यात मेंदूची गाडी ही एवढी एकच, असंही जोडत. खरं-खोटं कोण बघतो?

पण गाडी त्यांनी नुसत्या हौसेने घेतली नव्हती. हे इथेच सांगितलेलं बरं, नाहीतर पुढचं सगळं हसण्यावारी जाईल. त्यांचं मूळ गाव कडावच्या पुढे. नाव सांगत नाही. सांगितलं तर तिथली माणसं म्हणतील, आमच्याकडे असलं कधी नव्हतंच. त्या गावात शिरायला दोन वाटा. एक पुढची, पाटील आळीतून जाणारी, सरळ. दुसरी मागची, वहाळाच्या काठाने, काट्याकुट्यांतून. सोनावळ्यांच्या आईने, चंद्रभागाबाईंनी, आपलं सारं तरुणपण मागच्या वाटेने काढलं. पुढच्या वाटेने जायची वेळ आलीच तर चप्पल हातात घेऊन, मान खाली घालून. छप्पन साली धर्म बदलला, पुढे मुलगा शिकला, नोकरीला लागला, दहिवलीत दोन खोल्या झाल्या आणि गाव सुटलं. आता वस्तीने तिथे बुद्धविहार बांधला होता. वैशाखी पौर्णिमेला उद्घाटन होतं, आणि फीत वस्तीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या हातून, म्हणजे चंद्रभागाबाईंच्या हातून, कापायची ठरली होती. सोनावळ्यांनी आईला शब्द देऊन टाकला, की तुला स्वतःच्या गाडीत बसवून पुढच्या वाटेने नेईन, पाटील आळीतून, हॉर्न वाजवत. म्हातारी म्हणाली, हॉर्न नको रं, नुसतं ने.

गाडीचं दुखणं असं, की पहिले दोन मैल ती राजासारखी चाले. मग इंजिन तापलं की मागून काळा धूर, पेट्रोलचा भपकारा, चार-सहा आचके, आणि ठप्प. तासभर गार होऊ दिली की पुन्हा दोन मैल. गाव आठ मैलांवर. म्हणजे वाटेत तीन मुक्काम धरायचे.

सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारी रामभाऊ रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. तीस वर्षं शेवटच्या डब्यातून इंजिनाकडे बघितलेलं असल्यामुळे इंजिनाबद्दल त्यांना लांबून सगळं माहीत होतं. त्यांच्या मते नळीत हवा अडकली होती. त्यांनी गाडीच्या जवळजवळ प्रत्येक नळीत फुंकून पाहिलं आणि दोन दिवस त्यांच्या तोंडाला पेट्रोलचा वास येत होता. समोरच्या विमलबाई म्हणाल्या, दृष्ट लागलीय, लिंबू-मिरची बांधा. सोनावळ्यांनी त्यांना शांतपणे समजावलं, की आमच्या घरात हे छप्पन सालापासून बंद आहे. विमलबाईंनी क्षणभर विचार केला आणि सांगितलं, मग मिरची राहू द्या, नुसतं लिंबू बांधा. अशा माणसांत राहून ज्याने रक्तदाब ताब्यात ठेवला त्याला खरं तर सरकारने काहीतरी द्यायला पाहिजे.

शेवटी सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत झालं, की मेंदू गेला. सोनावळ्यांचंही झालं. आणि बदलायचाच आहे तर जुन्यापेक्षा चांगला घ्यावा, नुसती डागडुजी कशाला, हेही ठरून गेलं. प्रश्न एवढाच उरला की कोणता घ्यायचा. इथे दुसरा कुणी असता तर चार लोकांना विचारून मोकळा झाला असता. सोनावळे स्टोअरकीपर होते. कारखान्यात खिळा घ्यायचा असला तरी तीन लेखी दरपत्रकं, त्यांचा तुलनात्मक तक्ता, आणि जुनी वस्तू जमा केल्याशिवाय नवी मिळणार नाही, हे त्यांनी बावीस वर्षं पाळलं आणि पाळायला लावलं होतं. या नियमांवर कारखान्याच्या साहेबांनी त्यांना दोनदा शाबासकी दिली होती. एवढी शाबासकी मिळाल्यावर माणूस घरीही तसाच वागू लागतो.

पहिला पर्याय म्हणजे परदेशातून नवी, सुधारलेली पेटी मागवायची. त्यासाठी आयात परवाना, आणि परवान्यासाठी ही वस्तू देशात बनत नाही असा दाखला. मार्चमध्ये आठवडाभर रजा टाकून सोनावळे मुंबईच्या एका कार्यालयात जाऊन बसले. तिथल्या कारकुनाने विचारलं, वस्तू काय? मोटारीचा सुटा भाग म्हणावा तर आत रेडिओचं सामान. रेडिओचा भाग म्हणावा तर ती गात नाही. ती हिशोब करते असं सोनावळ्यांच्या तोंडून गेलं मात्र, कारकुनाचे डोळे चमकले. मग हे गणकयंत्र झालं, आणि गणकयंत्राला दिल्लीची परवानगी लागते. किती दिवस लागतील असं विचारल्यावर त्याने खिडकीबाहेर बघत सांगितलं, की त्याच्या माहितीत अजून एकही आलेली नाही.

दुसरा पर्याय धाकलू मिस्त्री. खालापूर फाट्यावर त्याचं ट्रकदुरुस्तीचं छप्पर होतं. त्याने गाडीकडे बघितलं, बिडी कानावर खोचली आणि सांगितलं की मेंदू-बिंदू काढून टाका, पिचकाऱ्या काढा, देशी गाडीचा कार्बुरेटर ठोकतो, दोन दिवसांचं काम. हे सगळ्यांत स्वस्त होतं, आणि सोनावळ्यांना ते सुईसारखं टोचलं. साहेबाच्या हातात होती तोवर गाडीला मेंदू होता. सोनावळ्याच्या हातात आली आणि तिला नळ बसवायचा? पण मनातलं बोलायची सोय नव्हती, म्हणून ते म्हणाले, दरपत्रक लेखी द्या. धाकलूने बिडीच्या पुडक्याच्या पाठीवर आकडा लिहून दिला. शिक्का नाही, तारीख नाही. तुलनात्मक तक्त्यात त्याच्या नावापुढे सोनावळ्यांनी लाल शाईने ‘अपात्र’ लिहिलं, आणि खरं सांगायचं तर लिहिताना त्यांना बरं वाटलं.

तिसरा सोमा रेडिओवाला. कर्जत स्टेशनाजवळ त्याचं दुकान. रेडिओ दुरुस्त करायचा आणि लग्नाला, जयंतीला लाऊडस्पीकर लावायचा. त्याच्याकडे छापील कागद होता, शिक्का होता, आणि विजेवर चालणाऱ्या कशाचंही भय नव्हतं. पेटी उघडून त्याने तासभर बघितली आणि म्हणाला, जर्मन लोकांनी साधी गोष्ट फार अवघड केलीय. पेट्रोल किती पाहिजे हे पेटीने कशाला ठरवायचं? आपण ठरवू. मी एक बटण देतो.

तक्ता जेवायच्या खोलीत भिंतीला टाचलेला होता. सोनावळ्यांच्या बायकोने, मालनबाईंनी, भाकरी थापता थापता तो वाचला आणि विचारलं, “अहो, गाडी आपली आहे की कारखान्याची?” सोनावळ्यांना या प्रश्नाचा रोख कळला नाही. परदेशी पेटी अशक्य, धाकलू अपात्र, म्हणून नियमाप्रमाणे काम सोमाला मिळालं.

आणि नियमाप्रमाणेच जुना मेंदू जमा झाला. घरात उंदीर, दमट हवा. म्हणून सोनावळ्यांनी पेटी कारखान्याच्या स्टोअरमध्ये सुरक्षित ठेवली. कोपऱ्यातल्या फळीवर, लाल लेबल लावून. लेबलवर आपल्या वळणदार अक्षरात लिहिलं: निकामी.

सोमाने महिनाभरात सुधारित मेंदू तयार केला. जुन्या रेडिओच्या लाकडी खोक्यात तो बसवला होता आणि खोकं मागच्या सीटवर ठेवावं लागे. पुढच्या पट्टीवर स्टेशनांची नावं तशीच होती. काटा मुंबईवर असला की पेट्रोल कमी, सिलोनकडे नेला की जास्त. चढ आला की सिलोन, उतार आला की मुंबई, सपाटीला नागपूरच्या आसपास. सोमाला याचा फार अभिमान वाटत होता. फक्त एक झालं, की गाडी चालवणाऱ्याचा हात तिथवर पोचत नव्हता. मेंदू चालवायला मागे एक माणूस लागणार होता.

रामभाऊ आनंदाने बसले आणि त्यांनी दर वळणाला नळीतल्या हवेचा हिशोब धरून काटा फिरवला. गाडी श्रीराम पुलावर तीनदा बंद पडली. मालनबाईंना तेवढा वेळ नव्हता. शेवटी एका संध्याकाळी सहज म्हणून म्हातारीला मागे बसवलं. चंद्रभागाबाईंनी खोक्यावर हात ठेवला, डोळे मिटले, आणि चढ सुरू व्हायच्या आतच काटा सरकवला. गाडी दहिवलीपासून थेट कडावच्या फाट्यापर्यंत गेली आणि परत आली. एकदाही आचका नाही.

सोनावळे थक्क झाले. तुला हे कसं कळतं, विचारलं त्यांनी. म्हातारीने सांगितलं, त्यात काय कळायचं? गावातल्या भातगिरणीत ती पंधरा वर्षं कोंडा भरायला होती. आत पाय ठेवायची मुभा नव्हती, भिंतीबाहेर बसायचं. आणि इंजिनाचा सूर बदलला की आतून कोंडा किती येणार हे बाहेरच्या बाईला आधी ओळखावं लागे. नाहीतर पोतं ओसंडलं म्हणून बोलणी बसायची. पंधरा वर्षं भिंतीला कान लावून म्हातारी ही विद्या शिकली होती, आणि तिचा उपयोग असा व्हायचा होता. सोनावळ्यांनी गाडी घरासमोर लावली.

पौर्णिमेला चार दिवस उरले होते तेव्हा ते कामावरून येताना गाडी घेऊन खालापूर फाट्यावर थांबले. मागे मालनबाईंचा भाचा काटा धरून बसला होता. टायरमध्ये हवा भरायची होती, एवढंच. शिवाय अपात्र माणसाला दाखवावं, की बघ, चालते. धाकलूने बॉनेट उचललं, आत बघितलं, आणि दोन बोटांनी एक बारीक तार वर काढली. तिचं टोक उंदराने कुरतडलेलं होतं.

“ही तुटलीय तुमची,” धाकलू म्हणाला. “इंजिन तापलं का नाय ते ही पेटीला सांगते. तुटली की पेटीला वाटतं, इंजिन गारच हाय, आनि ती पेट्रोल वतत बसते. सायेब व्हता तवा बी तुटलेली. मीच जोडली व्हती.”

सोनावळ्यांनी तार हातात घेऊन बघितली. म्हणजे मेंदू चांगला होता? चांगलाच होता, धाकलू म्हणाला, त्याला कळवणारं कोणी नव्हतं. मग हे आधी का नाही सांगितलंत, असं सोनावळ्यांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज चिरकला. धाकलूने बिडी पेटवली.

“तुमी इचारलंत कुठं? तुमी लेखी मागितलंत.”

दुसऱ्या दिवशी सोनावळे कारखान्यात आले ते थेट कोपऱ्यातल्या फळीकडे. फळी स्वच्छ होती, पुसलेली. त्यांचा मदतनीस पोपट उभा राहिला. पोपट हुशार, स्टोअरचं काम अक्षर न् अक्षर सोनावळ्यांकडूनच शिकलेला. त्याने नोंदवही उघडून दाखवली. परवा भंगाराचा लिलाव झाला. लाल लेबलाचा सगळा माल दर लिलावाला निकाली काढायचा, एकही नग मागे ठेवायचा नाही, हा नियम सोनावळे साहेबांचाच. पोपटला वाटलं होतं, शाबासकी मिळेल. सोनावळ्यांनी ओळीवर बोट ठेवून वाचलं. नोंद बिनचूक होती. पत्र्याची पेटी एक, तुटक्या पंपाबरोबर आणि दोन गंजक्या बादल्यांबरोबर, वजनावर. त्यांनी नोंदीखाली सही केली, कारण तिथे सही त्यांची लागत होती.

आता सोमाच्या खोक्यावरच भिस्त होती. पौर्णिमेच्या सकाळी म्हातारीने पांढरं लुगडं नेसलं, चप्पल घातली आणि खोक्याला हात लावून बसली. मालनबाई विहाराच्या तयारीसाठी आदल्या दिवशीच गावाला गेल्या होत्या. कडाव मागे पडलं. ऊन रटरटत होतं, पण गाडी चालत होती. गाव दिसायला लागलं तसा सोनावळ्यांचा ऊर भरून आला. पाटील आळीच्या तोंडाशी रस्त्यावर खडी टाकलेली होती. गाडी हादरली, खोकं उडालं, आणि कट्कन आवाज झाला. म्हातारीच्या हातात बटण आलं. नुसतं बटण, दांडी आत मोडली होती. काटा मुंबईवर जाऊन पडला आणि इंजिनाने मान टाकली.

पाटील आळीत त्या दिवशी लग्न होतं. रस्त्यावर आडवा मांडव, पंगतीची तयारी, आणि लाऊडस्पीकर सोमाचाच. माणसं जमली. बाळाराम पाटील स्वतः आले, घरचे यजमान. मोठ्या पाटलांचा हा मुलगा. बोलायला गोड, कधी कुणाला वाकडा शब्द नाही. त्यांनी गाडीभोवती फेरी मारली, तोंडभरून कौतुक केलं, आणि लगेच गड्याला सांगून बैलजोडी मागवली. लग्नाचं घर असून बैल दिले, हे मान्य केलंच पाहिजे. दोर बांधून झाला. मग ते सोनावळ्यांच्या खिडकीशी वाकले आणि अगदी आपुलकीने म्हणाले:

“हितनं मांडव हाय, बैल नाय जायचे. मागनं वहाळाकडनं घ्या. तुमची ठावकी वाट हाय ना ती.”

कोणी हसलं नाही. हसले असते तर सोनावळ्यांना काहीतरी बोलता आलं असतं. बोलायचं तरी काय? मांडव खरंच होता. बैल खरंच मांडवातून जाणार नव्हते. सगळं रीतसर होतं, शिक्का मारल्यासारखं. त्यांनी आईकडे वळून बघितलं. म्हातारी दार उघडून खाली उतरत होती.

“गाडी जाऊ दे तिकडनं,” ती म्हणाली. “मी नाय यायची.”

सोनावळ्यांना तिच्याबरोबर उतरायचं होतं. पण ओढल्या जाणाऱ्या गाडीचं चाक धरायला कोणीतरी लागतं, आणि तिथल्या एकालाही ते येत नव्हतं. बैल हलले. वळताना आरशात त्यांना दिसलं ते एवढंच: पांढऱ्या लुगड्यातली पाठ मांडवात शिरत होती, सावकाश, पानं मांडणाऱ्यांच्या मधून. चप्पल पायात होती. वाढपी बाजूला झाले. कुणीतरी “कोन गं ही?” असं विचारल्याचंही ऐकू आलं. पुढचं दिसलं नाही, कारण करवंदीची जाळी आडवी आली.

वहाळाची वाट तशीच होती. तीस वर्षांत कुणी तिला हात लावला नव्हता. फिकट निळी जर्मन गाडी बैलांमागून हेलकावे खात चालली आणि तिच्यात काळूराम सोनावळे, इस्त्रीचा सदरा घालून, दोन्ही हातांनी चाक धरून, एकटे बसले होते. शेणाचा वास येत होता. बाळाराम पाटील थोडं अंतर सोबत चालले. बोलता बोलता म्हणाले, विकणार असाल तर सांगा, उगाच गंजून जायची.

विहाराच्या मागच्या बाजूला बैल सोडेपर्यंत पाऊण तास गेला होता. म्हातारीच्या हातून फीत कापून झाली होती, बुद्धवंदना संपत आली होती, फोटोवाला फोटो काढून निघूनही गेला होता. सोनावळे पुढे आले तेव्हा आई विहाराच्या पायरीवर बसली होती. तिने कनवटीची गाठ सोडली, रेडिओचं बटण काढलं आणि मुलाच्या हातावर ठेवलं.

“हे जमा कर,” ती म्हणाली. “गाडी इक. मला येक चप्पल घे, ही झिजली.”

गाडी बाळाराम पाटलांनीच घेतली. धाकलूने दोन दिवसांत कार्बुरेटर ठोकून दिला, आणि ती आता पाटील आळीतून सकाळ-संध्याकाळ मेंदूवाचून उत्तम चालते. रामभाऊंनी स्वतः पाहिली आणि दहिवलीत येऊन सगळ्यांना सांगितलं. सोनावळ्यांनी पुढच्याच रविवारी कर्जतच्या बाजारातून आईला नवी चप्पल आणली. खोक्यातून काढून समोर ठेवली आणि सवयीने जुनी घ्यायला हात पुढे केला. म्हातारीने जुनी चप्पल उचलून मांडीवर घेतली. ती नाय द्यायची, म्हणाली. सोनावळ्यांनी हात मागे घेतला, आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच, जुनी जमा करून न घेता नवी दिली.